आशिओ (जपान)

आशिओ हे जपानच्या तोचिगी प्रांतातले, तांब्याच्या खाणीवर वाढलेले डोंगरी गाव. २० मार्च २००६ रोजी इमाइची व निक्को ही शहरे, फुजिहारा व आशिओ ही छोटी नगरे आणि कुरियामा हे खेडे यांची एकच नगरपालिका झाली आणि आशिओचा स्वतंत्र कारभार संपला. नव्या शहराला नाव मिळाले निक्कोचे, मुख्य कचेरी मात्र इमाइचीत राहिली. आशिओचे नाव आता पत्त्यात उरले आहे : ‘निक्को-शी, आशिओ-माची’. (मराठी कानाला गडाची माची आठवेल, इथे माची म्हणजे छोटे नगर.)

तारखेमागे हिशोब आहे. एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार मार्च २००५ अखेर अर्ज आणि मार्च २००६ अखेर विलीनीकरण केले तरच सवलती मिळत. नव्या शहराला कामांच्या खर्चाच्या ९५ टक्क्यांपर्यंत कर्जरोखे काढता येत आणि परतफेडीचा ७० टक्के भार पुढे केंद्राच्या अनुदानात धरला जाई. आशिओचे विलीनीकरण मुदतीच्या ११ दिवस आधी झाले. १९९९ मध्ये ३,२३२ असलेल्या जपानी स्थानिक संस्था २०१० पर्यंत १,७२७ वर आल्या, त्या याच लाटेत.

भूगोलाने पाहिले तर ही जोडणी अवघडच आहे. वातारासे नदी आशिओतून दक्षिणेला गुन्मा प्रांतात उतरते आणि रेल्वेही नदीकाठाने किर्यूला जाते. निक्कोकडे जायचे तर मध्ये डोंगर. १९७८ मध्ये बोगदा झाला, तोवर होसोओ घाट ओलांडावा लागे.

१६१० मध्ये इथे तांबे सापडल्याचे सांगतात. १८७७ मध्ये फुरुकावा इचिबेई यांनी खाण घेतली. १८८० च्या दशकात नव्या समृद्ध शिरा लागल्या आणि आशिओ देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण ठरली. १९१६ मध्ये वस्ती ३८ हजारांवर होती. विलीनीकरणाच्या वेळी उरले तीन हजारांच्या आसपास.

वितळभट्ट्यांच्या गंधकी धुराने वरच्या खोऱ्यातली झाडे जळाली, मात्सुकी हे खेडे उठले. उघड्या डोंगरावरची माती पावसात वाहून नदीत आली, पात्र उथळ झाले आणि पुरासोबत तांबेयुक्त गाळ खालच्या भातखाचरांत पसरला. खासदार तानाका शोझो यांनी १८९१ पासून संसदेत हा प्रश्न लावून धरला, १९०१ मध्ये थेट सम्राटाच्या गाडीसमोर अर्ज घेऊन धावले. १९५६ मध्ये नवी वितळण्याची पद्धत आली, धुरातल्या गंधकाचे आम्ल बनू लागले, तेव्हा कुठे लागवडीला अर्थ आला. नुसते रोप लावून भागत नाही, कारण खडकावर मातीच नाही. म्हणून माती, खत आणि गवताचे बी एकत्र दाबून केलेल्या विटा उतारावर बसवतात. गवताने माती धरली की मग झाडे. पुढे हरणे कोंब खातात, त्यामुळे जाळी लागते.

खाण १९७३ मध्ये बंद झाली, पण तिचे पाणी थांबले नाही. ते आजही नाकासाईच्या शुद्धीकरण केंद्रात चुना घालून निवळावे लागते, आणि उरलेला गाळ त्सूदो स्थानकाच्या वरच्या अंगाला असलेल्या सुनोकोबाशीच्या साठवण तळ्यात जातो. गेंगोरोझावाचा जुना गाळसाठा १९५८ मध्ये फुटून खालची शेते बिघडली होती. २०११ च्या भूकंपात तो पुन्हा ढासळला.