स्वस्त आणि अस्सल चिनी जेवण: कोलकात्यात का मिळतं, मुंबईत का नाही

मुंबईत चायनीज कुठे मिळतं हे कुणाला विचारावं लागत नाही. लोकलमधून उतरून स्टेशनाबाहेर आलं की वडापाव आणि भुर्जीच्या शेजारी चायनीजची गाडी असतेच. पण चीनमधली माणसं घरी जेवतात तसं आणि खिशाला परवडेल असं कुठे मिळेल, असं विचारलं की सांगणारा अडखळतो. बराच विचार करून तो एखाद्या पंचतारांकित हॉटेलाचं नाव घेतो, नाहीतर कुलाब्यातल्या जुन्या जागेचं. तिथे जेवण चांगलं असतं, पण महिन्यातून चार वेळा जाणं पगारदार माणसाला झेपत नाही. कोलकात्यात हाच प्रश्न विचारला तर लोक लालबाजारजवळच्या पोद्दार कोर्टाकडे बोट दाखवतात आणि उजाडताच या म्हणतात.

दोन्ही शहरं बंदरांची, दोन्ही इंग्रजांनी वाढवलेली, दोन्हींचा चीनशी जुना व्यापार. मग हा फरक का? माझ्या मते त्याचं उत्तर गिरणगावात सापडतं. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार लालबाग-परळच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपत आणि महिन्याच्या बोलीवर खानावळवाल्या बाईकडे जेवत. जेवणारा आपल्याच मुलखातला असल्यामुळे मसाल्यात लबाडी चालत नसे, आणि त्याचा पगार तुटपुंजा असल्यामुळे भाव वाढवता येत नसत. याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. परमुलखात कष्टाला आलेली माणसं संख्येने पुरेशी असली, की त्यांचं जेवण त्या शहरात स्वस्तही मिळतं आणि अस्सलही. चिनी माणसांचं तसंच झालं, फक्त ते कोलकात्यात झालं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस टोंग आच्यू नावाचा एक चिनी व्यापारी बंगालमध्ये आला. वॉरन हेस्टिंग्जने त्याला हुगळीकाठी, बजबजजवळ जमीन दिली. तिथे त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला आणि कामाला चिनी मजूर ठेवले. कारखाना फार काळ टिकला नाही. त्या जागेला मात्र आजही अचीपूर म्हणतात, आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्यातली चिनी कुटुंबं तिथल्या त्याच्या लालभडक, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या थडग्यापाशी जातात.

पुढे चिनी माणसांची मोठी वस्ती शहरात, पोद्दार कोर्टाजवळच्या टिरेट्टा बाजारात झाली. दक्षिण चीनमधल्या कँटनकडचे लोक सुतारकामात तरबेज होते, ते गोदीत आणि जहाजांवर लागले. दक्षिण चीनमधल्याच हाक्का समाजाच्या लोकांनी बेंटिंक स्ट्रीटवर जोड्यांची दुकानं मांडली, आणि शहराच्या पूर्वेला तांगऱ्याच्या दलदलीत कातडी कमावायचे कारखाने उभारले. या धंद्याला विटाळ मानणाऱ्या समाजात ते काम बाहेरच्यांना मिळालं आणि त्यांनी ते भरभराटीला आणलं. हुबेई प्रांतातले लोक दातांची कामं करत, शांदोंगचे पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार रेशीम विकत. प्रत्येक मंडळीचं आपलं देऊळ होतं, आपला संघ होता आणि आपली चूल होती. कोलकात्यात या चिनी देवळांना चर्च म्हणतात. त्यांतल्या टूंग ऑन चर्चच्या इमारतीत १९२०च्या दशकात नानकिंग हे रेस्टॉरंट निघालं. ते पैसेवाल्यांसाठी होतं. कामकऱ्यांचं खाणं खाली रस्त्यावर मिळायचं: वाफवलेले पाव, माशाच्या गोळ्यांचं पातळ सूप, भात, डुकराचं मांस.

मुंबईचा चीनशी व्यापार काही कमी नव्हता. इथून कापूस आणि अफू कँटनला जात असे, आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांची संपत्ती त्यातूनच उभी राहिली. पण इथून माल गेला, तिकडून माणसं फारशी आली नाहीत. महाराष्ट्रात आलेल्या चिनी माणसांचा एक जथा तर बेड्या घालून आणलेला होता. १८३०च्या दशकात महाबळेश्वरला तुरुंग झाला आणि मलाक्का-सिंगापूरकडच्या इंग्रजी वसाहतींत शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी तिथे ठेवले गेले. त्यांनी साहेबांसाठी बटाटे आणि भाजीपाला पिकवला, वेताचं काम केलं. महाबळेश्वरचा चायनामन धबधबा त्यांच्याच मळ्यांवरून ओळखला जातो. स्ट्रॉबेरी घेऊन परतणाऱ्या पर्यटकांना त्या माणसांची आठवण कुणीतरी करून द्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मुंबई शहरातली वस्ती माझगाव गोदीच्या आसपास होती. नवाब टँक रोडवर १९१९ साली बांधलेलं सी यूप कून मंदिर आजही उभं आहे. क्वांगतुंग प्रांतातल्या सी यूप भागातून आलेल्या खलाशांचं हे देऊळ. अरुंद जिना चढून वर गेलं की लाल रंगाची खोली, उदबत्त्यांचा धूर आणि क्वान कुंग हा देव. एके काळी बोटीवरून उतरलेल्या खलाशाला इथे आसराही मिळे. देवळाचा आकार पाहिला की वस्ती किती लहान होती हे कळतं. एवढ्या माणसांच्या जोरावर चारसहा खानावळी चालल्या असतील, अख्खी खाऊगल्ली उभी राहणं शक्य नव्हतं.

आणि जे होतं त्यावर १९६२ साली घाला आला. चीनशी युद्ध सुरू होताच भारतात जन्मलेली, बंगाली-आसामी बोलणारी चिनी वंशाची माणसंही संशयित ठरली. आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडची सुमारे ३,००० माणसं, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या मुलांपर्यंत, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत कोंडली गेली. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. शहरांतल्या चिनी लोकांना पोलिसांकडे नोंद करावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. अनेकांना चीनला धाडण्यात आलं. ही या देशाने आपल्याच माणसांशी केलेली वागणूक होती आणि आपल्याकडे ती शाळेत शिकवली जात नाही. पुढच्या काही दशकांत हजारो चिनी भारतीय देश सोडून गेले, त्यांतले पुष्कळ कॅनडाला. टोरांटोत आज हाक्का चायनीज या पाटीखाली चिली चिकन आणि मंचुरियन विकणारी हॉटेलं आहेत, ती या माणसांची.

मुंबईत मागे उरलेल्यांना आपल्याच लोकांसाठी रांधून भागणार नव्हतं. गिऱ्हाईक बाहेरचंच हवं होतं, आणि चिनी हॉटेलाचा खर्च परवडणारं गिऱ्हाईक दक्षिण मुंबईत होतं. चर्चगेटचं कामलिंग, कुलाब्यातलं लिंग कुटुंबाचं नानकिंग आणि नंतर रीगल सिनेमाच्या मागचं लिंग्ज पॅव्हिलियन ही नावं त्यातून मोठी झाली. तिथलं कँटन पद्धतीचं जेवण नावाजलं गेलं आणि लिंग्ज पॅव्हिलियनमध्ये ते आजही मिळतं. १९७०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि चीनच्या सिचुआन प्रांताची तिखट पद्धत मुंबईकर श्रीमंतांना कळली. म्हणजे अस्सल म्हणावं असं चिनी जेवण या शहरात पांढऱ्या टेबलक्लॉथवर रुजलं. त्याला फुटपाथ मिळालाच नाही.

फुटपाथवर जे आलं त्याचा उगम वेगळा आहे. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग १९७०च्या दशकात मुंबईत आले. १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्यांनी कोंबडीचे तुकडे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळले, आणि आलं-लसूण-हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. ते चिकन मंचुरियन. मंचुरियात तो पदार्थ कुणी खात नाही. चिनी वंशाच्या आचाऱ्याने भारतीय जिभेसाठी शोधलेली ती गोष्ट आहे, आणि तिला नक्कल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. वांग यांनी पुढे केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन काढलं. मंचुरियन मात्र त्यांच्या हातात राहिलं नाही, कोबीचं होऊन गाडीवर पोचलं.

गाडीवर उभं राहून नीट पाहण्यासारखं पुष्कळ असतं. एका टोपात केसांसारखा बारीक चिरलेला कोबी, दुसऱ्यात ढोबळी मिरची आणि गाजर. उकडून, तेलाचा हात लावून पसरलेल्या नूडल्स. मोकळा, गार भात. मोठ्या बर्नरचा असा आवाज की ऑर्डर ओरडून द्यावी लागते. कढईतल्या तेलातून धूर निघाला की लसूण पडते, पाठोपाठ कोबी, आणि मिनिटभरात सगळं खाली. भाजी कच्चीही राहत नाही आणि मऊही पडत नाही. हे कसब, म्हणजे सगळं आधी एकसारखं चिरून ठेवायचं आणि भडक आचेवर क्षणात परतायचं, शंभर टक्के चिनी आहे. बदलला तो मसाला. चायनीज भेळ आणि ट्रिपल शेजवान ही तर इथलीच निर्मिती. गाडीवरचा आचारी बहुतेक वेळा नेपाळी किंवा ईशान्येकडचा असतो, मालक मराठी किंवा उत्तर भारतीय, आणि खाणारं गिऱ्हाईक रात्रपाळी संपवून आलेलं. यांतल्या एकालाही क्वांगतुंगची चव हवी असण्याचं कारण नाही. गाडीने ज्यांच्यासाठी रांधायचं त्यांच्यासाठी चोख रांधलं.

शेजवान चटणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे आपण कोकणी माणसं एक मोठी संधी घालवून बसलो आहोत. आपली लाल चटणी सुक्या मिरच्या, लसूण, आलं, व्हिनेगर आणि भरपूर तेलाची. शेजवान हे नाव सिचुआनवरूनच आलं, पण खऱ्या सिचुआनचा तिखटपणा उभा राहतो दोन गोष्टींवर. एक म्हणजे वालासारख्या शेंगेतले दाणे आणि मिरच्या आंबवून मुरवलेला लगदा. दुसरी म्हणजे जीभ झिणझिणवणारी सिचुआन मिरी. ही मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली भावंडं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ चावलं गेलं की जिभेला जो झटका बसतो तोच तिथल्या मापो तोफू या सोयाबीनच्या पनीराच्या तिखट रश्शात बसतो. मालवण-गोव्याच्या बाजारात हा मसाला सहज मिळतो, पण शेजवान चटणीत तो कधीच गेला नाही. कुणीतरी घालून पाहावा.

कोलकात्यातही सगळं जुनं तसंच राहिलेलं नाही. प्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात तांगऱ्यातले कातड्याचे कारखाने बानतल्याला हलवण्याचा आदेश दिला. काही कुटुंबांनी कारखान्यांच्या जागी हॉटेलं काढली होतीच, आदेशानंतर त्यांची संख्या वाढली. तांगऱ्याचं जेवण भरपेट आणि झणझणीत असतं, पण ते बंगाली गिऱ्हाइकासाठी घडलेलं आहे. तिथे जाऊन अस्सल चिनी जेवलो असं म्हणणाऱ्यांची त्यामुळे थोडी फसगत होते. घरच्यासारखं हवं असेल तर टिरेट्टा बाजारातच जावं. रविवारी पहाटे, साडेसहाच्या आत. आठनंतर टोपल्या रिकाम्या होतात. बांबूच्या करंडीत डुकराच्या मांसाचे पाव आणि सिउ माई, म्हणजे वरून उघडे वाफवलेले मोदकासारखे पदार्थ, अॅल्युमिनियमच्या पातेल्यात माशाच्या गोळ्यांचं सूप, पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात. विकणाऱ्या चिनी आजीबाई आता कमी, तरुण पिढी परदेशी, आणि शेजारी मोमो-पुरीभाजीवाले जास्त, हे खरं आहे. जवळच छाताओयाला गल्लीत टुंग नाम आहे. साधी टेबलं, डुकराच्या मांसाचे पदार्थ, बेताचे भाव. गणेशचंद्र अॅव्हेन्यूवरचं ओ च्यू त्याहून थोडं महाग, पण एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेलं. तिथलं चिमणी सूप (चिमणी म्हणजे धुराडं, पक्षी नव्हे) मधोमध निखारे ठेवलेल्या भांड्यातून येतं. जाताना पाउ चाँगच्या हिरव्या मिरचीच्या सॉसची बाटली घ्यावी. १९५८ पासून ते कोलकात्यातच बनतं.

महाराष्ट्रात ही कसर पुढे भरून निघेल का? पुण्याकडे पाहिलं तर वाट दिसते. रांजणगाव-चाकण-तळेगाव पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्या, त्यांच्यामागे कोरियन माणसं आली आणि पुण्यात कोरियन जेवण मिळू लागलं. रांजणगावला हायर ही चिनी कंपनीही आहे. पण २०२० च्या गलवान संघर्षानंतर चिनी नागरिकांचे व्हिसा आटले आणि पर्यटक व्हिसा पुन्हा सुरू व्हायला २०२५ उजाडलं. माणसंच येईनात, तर त्यांच्यासाठी रांधणार कोण?

तोवर मुंबईकराने सांताक्रूझ पूर्वेला कालिना-वाकोल्याकडे चक्कर मारावी. हॉटेलांत, विमानतळावर, ब्युटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या नागालँड-मणिपूर-मिझोरामच्या मुलामुलींची तिथे मोठी वस्ती आहे, आणि त्यांच्यासाठी चालणारी छोटी हॉटेलंही. धुरावलेलं डुकराचं मांस आणि बांबूचे कोंब, आंबवलेल्या सोयाबीनची आखुनी, भाताबरोबर उकडलेला पाला आणि भाजलेल्या मिरचीची चटणी. हे चिनी जेवण नव्हे. पण वाफ, धूर, आंबवण आणि भात यांची ही परंपरा चीनच्या नैर्ऋत्य भागापासून फार लांब नसलेल्या डोंगरांतली आहे, आणि कालिन्यात ती पगारदार माणसाच्या भावात मिळते. आखुनीचा वास पहिल्यांदा जड जातो, म्हणून मालकाला सांगून सुरुवातीला थोडीच घ्यावी.