नॉमिनी टाकलाय ना, मग मृत्युपत्र कशाला?

मृत्युपत्र करायला आमच्या ऑफिसात येणारे बरेच काका-काकू खुर्चीत टेकले की पहिलं हेच म्हणतात, अहो सगळीकडे नॉमिनी टाकून ठेवलाय, आता काय राहिलं. आणि घरी विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, अभद्र बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणत असते. म्हणून हे पत्रक, घरी न्या आणि सावकाश वाचा.

आधी नॉमिनीचंच बघू. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देऊन मोकळी होते, पण ते पैसे असतात वारसांचे. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलंय. फ्लॅटचंही तसंच, वारस ठरेपर्यंत सोसायटी नॉमिनीला तात्पुरता मेंबर करून घेते, बस. विम्याचं थोडं वेगळं आहे, 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर हक्कही त्यांचाच, अशी तरतूद आली. आता 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेत चार नॉमिनी टाकता येतात, टक्केवारीसकट, त्यामुळे लोकांना वाटतं वाटणी झालीच की. तसं नाही हो.

समजा एका हिंदू कुटुंबात वडील गेले, पुण्याचा फ्लॅट त्यांनी स्वतः घेतलेला, नॉमिनी मोठा मुलगा, मृत्युपत्र नाही. मग कायद्याने बायको, मुलगा, मुलगी सगळ्यांना सारखा वाटा, आणि वडिलांची आई हयात असेल तर तिलाही तेवढाच. ही आजी सगळे विसरतात! पुढे आजी तशीच गेली, तिनेही काही लिहिलं नसेल, तर तिचा वाटा तिच्या बाकीच्या मुलांकडेही जातो, म्हणजे तुमच्या फ्लॅटमध्ये काका आणि आत्या भागीदार. मग हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सह्या गोळा करत फिरा, त्यात एक भाऊ कॅनडात, त्याचे कागद तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून करून घ्या, आणि आत्याचं आणि तुमचं बोलणं बंद असेल तर विचारूच नका. दोन पानी मृत्युपत्र असतं तर हे सगळं टळलं असतं.

बायकांनी तर हे जास्त मनावर घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. हिंदू वारसा कायदा 1956 चा, त्यात विधवा बाई, मूलबाळ नसलेली, मृत्युपत्र न करता गेली तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घरसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे आईवडील, भाऊबहीण नंतर. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं माहेरच्या बाजूला परत जातं. हे ऐकून समोरच्या ताई गप्प होतात, आणि मग विचारतात, आज करता येईल का.

करायला सोपं आहे. साधा कागद चालतो, स्टॅम्प ड्युटी लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं. तुमची सही आणि दोन साक्षीदार, त्यांनी तुम्हाला सही करताना बघितलेलं हवं आणि त्यांनीही तुमच्यासमोर सही करायची. साक्षीदार शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या, आणि ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याची बायको नको. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, तरी आम्ही करून घ्याच म्हणतो, दुय्यम निबंधकाकडे फोटो आणि अंगठा होतो, मग उद्या कुणी ही सही बाबांची नाहीच म्हणालं तर त्याला ते जड जातं. सत्तरीच्या पुढचे असाल तर त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. तारीख टाकायला विसरू नका, कारण शेवटचं मृत्युपत्र खरं धरतात आणि तुम्ही ते कितीही वेळा बदलू शकता.

लिहिताना गट नंबर, फ्लॅट नंबर, खातं सगळं नीट टाका आणि शेवटी एक ओळ, बाकी जे काही सापडेल ते अमक्याला. ज्याला देताय तोच आधी गेला तर काय, तेही. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्श्याचं लिहिता येतं, अख्ख्या सातबाऱ्याचं नाही. मुस्लिम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशच देता येतं, आणि गोव्याचा कायदाच वेगळा, तिथे मुलं असतील तर त्यांचा अर्धा हिस्सा राखीव असतो, त्यांनी तिकडचाच वकील गाठावा. आणि कृपा करून मृत्युपत्र एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर उघडायला कागद हवा आणि कागद लॉकरमध्ये, असं होऊन बसतं.

काहीजण विचारतात, त्यापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र, म्हणजे जिवंतपणीच घर नावावर देऊन टाकायचा कागद, करून टाकू का. राहतं घर मुलाला द्यायला महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी 200 रुपये, वर बाकीचे चार्जेस, म्हणून मोह होतो. पण ते घर त्याच दिवशी त्याचं होतं आणि तुम्ही पाहुणे. जेवायचं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये म्हणतात ते इथे शंभर टक्के लागू.

येताना आधार, सातबारा किंवा इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या खरेदीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बँक आणि डीमॅटचे तपशील घेऊन या, सोन्याची यादी हाताने लिहिलेली चालेल. फी किती ते आधीच सांगतो. आणि पहिल्या वेळी मुलांना आणू नका, एकटे किंवा जोडीने या, कारण ज्याला मिळणार तोच पुढे होऊन सगळं लिहून घेत होता असं दिसलं की कोर्टात पहिला संशय तिथेच घेतात. मुलगा सोडायला आलाच तर खाली चहाची टपरी आहे, अर्धा तास तिथे बसेल.