बोल्ट आवळला म्हणून बार कडक होत नाही

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप पुढून बसली की गॅरेजमधला पहिला उपाय ठरलेला असतो. मिस्त्री गाडीखाली शिरतो, टॉर्शन बारच्या मागच्या टोकाचा बोल्ट पाच-सहा फेरे आवळतो आणि गाडीचं नाक वर येतं. "बार कडक केलाय, आता बघायला नको." नाक वर आलं हे खरं. बार मात्र होता तेवढाच कडक आहे.

टॉर्शन बार म्हणजे चॅसिसला समांतर निजलेली एक पोलादी सळई. पुढचं टोक चाक धरणाऱ्या आर्मला, मागचं टोक चॅसिसला. चाक दगडावर चढलं की आर्म वर जातो, सळई पिळली जाते; दगड मागे पडला की पीळ सुटतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, या सळईचं सगळं काम पीळ जाण्यावरच चालतं. गंमत म्हणजे नेहमीची गुंडाळीची स्प्रिंगही आतून हेच करते. ती दाबली की तिची तार पिळली जाते. म्हणजे ती गुंडाळून ठेवलेला टॉर्शन बारच. पाट्यांची स्प्रिंग तेवढी खरोखर वाकते.

फर्डिनंड पोर्शे यांनी १९३१मध्ये या कल्पनेचं पेटंट मागितलं, १९३४च्या सित्रोएन ट्रॅक्शन आव्हाँत असे बार होते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना ते सोयीचे पडले, कारण तिथे पुढच्या चाकालाही इंजिनाची ताकद पोचवावी लागते आणि नेमकी स्प्रिंगच्या जागेतून ड्राइव्ह शाफ्ट जातो. सळई गाडीखाली लांबीत निजवली की ती जागा मोकळी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपनं १९८६च्या मॉडेलपासून पुढचे पाटे आणि सलग एक्सल सोडून हाच मार्ग धरला. १९९८ची आपली टाटा सफारीही याच घराण्यातली.

आता कडकपणाचं. सळई किती कडक हे तीनच गोष्टी ठरवतात: तिची जाडी, लांबी आणि पोलादाचा स्वतःचा ताठपणा. जाडीचा हिशेब तर चौथ्या घाताचा आहे. २४ मिलिमीटरच्या जागी २६ मिलिमीटरचा बार घातला, तर कडकपणा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. बोल्ट आवळल्यानं फक्त सळईचं मागचं टोक फिरतं आणि आर्म खाली ढकलला जातो; यातलं काहीच बदलत नाही. ताणकाटा वरच्या खिळ्याला टांगला म्हणून त्याची स्प्रिंग कडक होत नाही, तसंच हे. मग गाडी दणके का देते? आर्म आता खालच्या मर्यादेला टेकत आलेला असतो. खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि ते अख्ख्या गाडीला घेऊन उतरतं. शिवाय ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त तिरके चालतात, त्यांच्यावरची रबरी आवरणं (बूट) फाटतात.

गाडी बसते ती बार मऊ झाल्यामुळे नव्हे. वीस वर्षांच्या वजनानं थोडा पीळ त्यात कायमचा मुरतो, एवढंच. तेवढा बोल्टनं काढून कंपनीनं सांगितलेल्या उंचीवर गाडी आणणं योग्यच; त्यावर एक फेराही नको. बार खोलायचाच असेल तर आधी बोल्ट सैल करून ताण उतरवायचा (भरलेला बार अंगावर सुटला तर हाड मोडतो) आणि बारच्या टोकांवरच्या दातांवर रंगाची खूण करायची. डावा-उजवा तर अजिबात बदलायचा नाही. कारखान्यात बार एकाच दिशेला मुद्दाम जास्त पिळून मुरवलेला असतो. त्या दिशेचा ताण तो सोसतो, उलट्या दिशेत लवकर हार मानतो. ताण सर्वांत जास्त असतो तो पृष्ठभागावर. त्यामुळे बारवर हातोडीचा व्रण किंवा गंजाचा खड्डा दिसला की मी तरी तो बार परत बसवणार नाही.

खरं म्हातारपण असतं रबराला. आर्मच्या मुळाशी बुश असतात. पुष्कळांना वाटतं, आर्म बुशमध्ये बिजागरीसारखा फिरतो. बहुतेक गाड्यांत तसं नसतं. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट, आतली नळी बोल्टनं आवळलेली आणि दोन्हींना चिकटलेलं रबर स्वतः पिळलं जातं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन या रबराच्या साखळ्या तोडतो, ते कडक होऊन तडकतं. इंजिन ऑइल आणि डिझेल लागलं तर फुगतं. सस्पेन्शन डिझेलनं धुऊन "चकाचक" करून देणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

नवे बुश बसवतानाची चूक तर सर्रास होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली आणि त्याच अवस्थेत आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. रबराचा शून्य बिंदू तिथेच ठरतो. मग गाडी जमिनीवर उतरली की रबर उभ्या-उभ्याही पिळलेलं, आणि खड्ड्यात आणखी. असे बुश लवकर फाटतात आणि दोष स्पेअर पार्टवर जातो. बोल्ट हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवून थोडी पुढे-मागे ढकलायची, उंची मोजायची आणि मगच पान्यानं शेवटचं आवळायचं. खाली वाकून हे करणं कटकटीचं आहे, म्हणूनच ते टाळलं जातं.

बॉल जॉइंटची (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्याची) परीक्षा सोपी: चाकाखाली पहार घालून उचलून बघायचं, खडखड आली की बदलायचे. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, सर्वांत शेवटी. चाक वर-खाली अशा दोन आर्मनी धरलेलं असतं; वरचा आर्म आखूड असल्यामुळे गाडी बसली की चाकाचा माथा आत झुकतो आणि टायर आतल्या कडेनं झिजतो. उंची बदलली की हा झुकावही बदलतो, त्यामुळे आधी अलाइनमेंट करून नंतर बोल्ट फिरवला तर ते पैसे वाया. आणि पाच-दहा किलोमीटर खराब रस्त्यावर फिरवून आणल्यावर उंची पुन्हा मोजायची. बहुतेक वेळा एक बाजू थोडी खाली आलेली असते.