दीर्घिकांचे वर्गीकरण

तारे, वायू, धूळ आणि कृष्णद्रव्य (न दिसणारे, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य) यांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या प्रचंड समूहाला दीर्घिका म्हणतात. वर्तमानपत्रे सरसकट ‘आकाशगंगा’ लिहितात. खरे तर ते आपण राहतो त्या एकाच दीर्घिकेचे नाव.

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२६ साली दीर्घिकांची वर्गवारी केली ती निव्वळ रूपावरून, आणि १९३६ मध्ये ती नादकाट्याच्या आकृतीत मांडली. काट्याच्या दांड्यावर लंबवर्तुळाकार दीर्घिका, दोन फाट्यांवर साध्या सर्पिल (एस) आणि मधून ताऱ्यांचा आडवा पट्टा गेलेल्या दंडसर्पिल (एसबी), तर फाटे फुटतात तिथे भिंगाकार (एस०). सर्पिलांना पुढे ए, बी, सी जोडतात: ‘ए’मध्ये गाभा मोठा व भुजा घट्ट गुंडाळलेल्या, ‘सी’मध्ये गाभा लहान व भुजा सैल. आपली आकाशगंगा दंडसर्पिल आहे.

लंबवर्तुळाकारांचे ई० ते ई७ हे आकडे साध्या हिशोबाने येतात. लांब व आखूड अक्षांतील फरकाला लांब अक्षाने भागायचे, दहाने गुणायचे. अक्ष १० आणि ६ असतील तर ई४. मात्र हा आकार आपल्याला दिसणारा. ई० म्हणजे चेंडूच असे नाही. काकडीही टोकाकडून पाहिली की गोलच दिसते.

हबल यांनी लंबवर्तुळाकारांना ‘आधीच्या’ आणि सर्पिलांना ‘नंतरच्या’ म्हटले, त्यातून उत्क्रांतीचा क्रम असल्याचा गैरसमज रुजला. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका बहुधा इतर दीर्घिकांच्या विलीनीकरणातून घडतात. त्यांत वायू थोडा, तारे म्हातारे व तांबूस. सर्पिलांच्या भुजांत नवे निळसर तारे अजून जन्मतात.

देवयानी ही सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची सर्पिल दीर्घिका. मुंबईच्या झगमगाटात ती दिसणे दुरापास्तच, म्हणून हौशी मंडळी अमावास्येच्या सुमारास कर्जत लोकल पकडून वांगणीला रात्र काढायला जातात. लहान दुर्बिणीतून दिसतो तो राखाडी, लांबट, पुसट डाग. भुजा पाहायला आलेला नवखा हिरमुसतो. त्या उमटतात बराच वेळ प्रकाश साठवून घेतलेल्या छायाचित्रात, आणि हबल यांची वर्गवारीही छायाचित्रांवरच उभी आहे.

कशातच न बसणाऱ्या त्या अनियमित. मॅजेलनचे मेघ या दक्षिण आकाशातील दोन लहान दीर्घिका हे त्यांचे नेहमीचे उदाहरण, पण मुंबईकराच्या उपयोगाचे नाही: थोरला मेघ इथल्या क्षितिजावर जेमतेम अंश-दीड अंश चढतो, धाकटा उगवतच नाही.

१९५९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेरार द व्होकुलर यांनी हबल यांच्या वर्गवारीत कडी आणि अर्धवट दंड यांची भर घातली. २००७ पासून ‘गॅलेक्सी झू’ या इंटरनेटवरील प्रकल्पात हजारो सामान्य लोकांनी लाखो दीर्घिका डोळ्यांनी पाहून वेगळ्या केल्या. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील केंद्रातून २०२५ मध्ये ‘अलकनंदा’ जाहीर झाली. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असतानाची ही दीर्घिका, आणि तरी दोन भुजांची रेखीव सर्पिल.