अतिरिक्त कर्मचाऱ्यांचे समायोजन

पुनर्रचनेत पद रद्द झालेल्या कर्मचाऱ्याला घरी न पाठवता त्याच संस्थेतल्या दुसऱ्या कामावर सामावून घेणे म्हणजे समायोजन. साध्या बदलीत ठिकाण बदलते, इथे कामच बदलते. म्हणून प्रशिक्षण, मूळ पगाराचे संरक्षण आणि जुन्या सेवेची ज्येष्ठता या गोष्टी आदेशात स्वच्छ लिहिलेल्या असाव्या लागतात. वाद बहुधा ज्येष्ठतेवरून पेटतो. वीस वर्षे नोकरी झालेला माणूस नव्या संवर्गाच्या, म्हणजे त्या प्रकारच्या पदांच्या गटाच्या, यादीत तळाला गेला, की पगार तोच राहूनही त्याची बढती हातची जाते. त्याला वर बसवले, तर तिथे आधीपासून रांगेत असलेल्यांवर अन्याय होतो.

भारतीय रेल्वेतून वाफेची इंजिने गेली, तेव्हाचे समायोजन अभ्यासण्याजोगे आहे. चित्तरंजनच्या कारखान्यातून शेवटचे वाफेचे इंजिन 1972 मध्ये बाहेर पडले आणि 1990 च्या दशकाअखेरीस नेहमीच्या वाहतुकीतून ही इंजिने जवळपास गेली. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हरच्या जोडीला सहसा दोन फायरमन लागत, डिझेलवर एकच सहायक. भट्टीत कोळसा सारखा पसरायचा, काचनळीतली पाण्याची पातळी घसरू द्यायची नाही, हे फायरमनचे कसब. सहायक झाल्यावर त्याच माणसाला विजेच्या जोडण्या शिकाव्या लागल्या. शेडमधल्या फिटरचे हात डिझेलवरही चालले. बॉयलरमेकरला मात्र कामच उरले नाही. हे सगळे निभावले ते सवडीमुळे. दोन दशकांहून अधिक काळात अनेक जण वयोमानाने निवृत्त झाले. खासगी कंपनीत ही सवड महिन्यांत मोजतात. आयटीत प्रकल्प संपलेला कर्मचारी ‘बेंच’वर, म्हणजे कामाविना वाट पाहणाऱ्यांत, येतो आणि पुढच्या प्रकल्पाची मुलाखत बहुतेक वेळा त्यालाच पार करावी लागते. याला समायोजन म्हणणे कठीण आहे.

कायद्याचा आधार तोकडा आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 ने कामगारकपातीसाठी एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार ठरवला, पण आधी पर्यायी काम द्या अशी सर्वसाधारण सक्ती केली नाही. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मधला पुनर्कौशल्य निधी, म्हणजे नवे काम शिकण्यासाठीचा निधीही कपात झाल्यावरच 15 दिवसांचा पगार देतो. शिकण्याचा पैसा माणूस नोकरीत असतानाच मिळायला हवा. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याबाबत मात्र दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ठाम आहे: जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद, तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांबाहेर त्याच्यासाठी निर्माण केलेले जादा पद.