जीवाश्म नसतील तिथे थर जुळवायचे कसे?

दोन ठिकाणचे गाळाचे थर एकाच काळातले आहेत का, हे ओळखायची भरवशाची वाट इंग्लंडमधले सर्वेक्षक विल्यम स्मिथ यांनी दाखवली. कालव्यांच्या कामावर फिरताना त्यांच्या लक्षात आले की प्रत्येक थराचे जीवाश्म ठरलेले असतात आणि त्यांचा क्रम उलटत नाही. इंग्लंड-वेल्सचा त्यांचा १८१५ चा नकाशा याच आधारावर उभा राहिला.

पण उत्तर समुद्राखालचे ट्रायासिक काळातले (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचे) लाल वालुकाश्म घ्या. कोरड्या हवामानात साचलेल्या या वाळूत जीवाश्म जवळपास नाहीतच. शेकडो मीटर खाली गेले तरी तोच लाल, तोच रेताड खडक. तेलाच्या विहिरीतून बहुतेक वेळा हाती येतो तो खोदाईच्या चिखलाबरोबर वर आलेला चुरा. १९२७ पासून विहिरीत विद्युत लॉग, म्हणजे खोलीनुसार खडकाचे विद्युत गुणधर्म टिपणारे आलेख, घेतले जाऊ लागले, पण सारख्या वाळूचे लॉगही सारखेच दिसतात.

अशा ठिकाणी खडकातल्या मूलद्रव्यांवरून थर जुळवता येतात. १९८० मध्ये इटलीतल्या गुब्बियोजवळच्या जेमतेम सेंटिमीटरभर मातीच्या थरात इरिडियम (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, पण उल्कांमध्ये जास्त असलेले मूलद्रव्य) नेहमीच्या सुमारे ३० पट सापडले. डेन्मार्कमध्येही त्याच पातळीवर ते वाढलेले होते. मूलद्रव्यावरून दूरदूरचे थर जुळतात, याचा इतका ठसठशीत पुरावा क्वचितच मिळतो. मात्र अशी उल्कापाताची खूण रोज सापडत नाही. रोजच्या कामाला बळ दिले ते प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, वापरणाऱ्या विश्लेषण यंत्रांनी. चिमूटभर भुकटीतून डझनावारी मूलद्रव्ये मोजता येऊ लागली, आणि १९९० च्या दशकात तेलक्षेत्रात ही पद्धत रुळली.

मला यात सर्वांत सुंदर वाटते ते झिरकॉन. हे चिवट खनिज नदीत घासले जाऊनही टिकते, आणि खडकातले बरेचसे झिरकोनियम त्याच्यातच असते. नदीने वेगळ्या डोंगराची माती आणायला सुरुवात केली की झिरकोनियमचे टायटॅनियमशी प्रमाण बदलते, डोळ्यांना वाळू तशीच दिसली तरी. नुसता आकडा न घेता गुणोत्तर घ्यायचे, कारण कणांमध्ये त्यांना सांधणारा चुना भरला की बाकीची सगळीच मूलद्रव्ये विरळ होतात. दाण्यांच्या आकारानेही झिरकोनियम वरखाली होते, म्हणून वाळूची तुलना वाळूशी आणि पंकाश्माची (चिखलापासून बनलेल्या खडकाची) पंकाश्माशीच करावी लागते. सोडियम, पोटॅशियम गाडले गेल्यावरही हलतात, म्हणून त्यांच्यावर फार विसंबायचे नसते.

गुणोत्तराच्या आलेखातल्या एखाद्या उंचवट्यावरून थर जुळले असे म्हणता येत नाही. बदलांची अख्खी मालिका दुसऱ्या विहिरीत त्याच क्रमाने भेटावी लागते. शिवाय ही मालिका स्वतःचे वय सांगत नाही. ते परागकणांवरून किंवा ज्वालामुखीच्या राखेवरून ठरते, आणि लाल वालुकाश्मात तेही मोजक्याच जागी हाती लागतात.