कलम ११४ ची नोटीस (इंग्लंड)

इंग्लंडमधील एखाद्या काउन्सिलचा (निवडून आलेल्या स्थानिक संस्थेचा) वर्षाचा खर्च तिच्याकडील पैशांत भागणार नाही असे दिसताच तिच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याने काढावयाचा वैधानिक अहवाल. १९८८ च्या लोकल गव्हर्नमेंट फायनान्स ॲक्टमधील ११४ वे कलम हा त्याचा आधार. वर्तमानपत्रे सर्रास ‘काउन्सिलचे दिवाळे’ असे मथळे देतात. कायद्याने मात्र काउन्सिलचे दिवाळे निघत नाही. अहवाल निघाला की वैधानिक सेवा व आधीची देणी वगळता नवा खर्च थांबतो आणि २१ दिवसांत सर्व सदस्यांची सभा घ्यावी लागते. सत्ताधाऱ्यांना नको असला तरी अधिकाऱ्याला तो काढावाच लागतो.

मुळात काउन्सिलला रोजचा खर्च कर्ज काढून भागवता येत नाही आणि उत्पन्नाच्या बहुतेक नाड्या केंद्र सरकारच्या हाती असतात. काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरांवरचा स्थानिक कर, ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवायचा तर सार्वमत घ्यावे लागते. त्यासाठीची घरांची वर्गवारी अजून १९९१ च्या किमतींवर चालते. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात केंद्राकडून येणारा निधी, महागाई जमेस धरता, जवळपास निम्म्याने घटला. वृद्धांची देखभाल, मुलांचे संरक्षण, बेघरांची सोय या जबाबदाऱ्या मात्र कायद्याने टाळता येत नाहीत, म्हणून कात्री प्रथम ग्रंथालये आणि रस्त्यांवर चालते.

कपात सगळ्यांच्याच वाट्याला आली, नोटीस मात्र थोड्यांनीच काढली. फरक पडला तो स्थानिक निर्णयांनी. सरे परगण्यातील वोकिंग हे त्याचे ठळक उदाहरण. या छोट्या काउन्सिलने शहराच्या मध्यभागी उंच इमारती, हॉटेल व दुकाने उभारण्यासाठी अफाट कर्ज उचलले. जून २०२३ मध्ये नोटीस निघाली तेव्हा वर्षाचा मूळ निधी होता १ कोटी ६० लाख पौंड आणि तूट १२० कोटी पौंडांची! एवढे कर्ज मिळाले कसे, हा प्रश्न सदस्यांइतकाच सरकारलाही विचारायला हवा, कारण असे कर्ज देणारे पब्लिक वर्क्स लोन बोर्ड सरकारीच होते. केवळ भाड्याच्या उत्पन्नासाठी मालमत्ता घेणाऱ्यांना त्याचे दार बंद झाले ते नोव्हेंबर २०२० मध्ये. हिशेबांवर देखरेख ठेवणारे ऑडिट कमिशन तर सरकारने २०१५ मध्येच मोडीत काढले होते.

बर्मिंगहॅमची गोष्ट वेगळी. तेथे सप्टेंबर २०२३ च्या नोटिशीमागे स्त्री कर्मचाऱ्यांना समान वेतन न दिल्याची थकलेली देणी होती. त्यांचा तेव्हाचा अंदाज ७६ कोटी पौंडांपर्यंत गेला. नव्या संगणक प्रणालीवरील वाढत्या खर्चाने त्यात भर घातली. या थकबाकीचे खापर निधीकपातीवर फोडता येत नाही. नॉर्थॅम्प्टनशायर परगण्याच्या काउन्सिलने २०१८ मध्ये नोटीस काढली, ती नवे मुख्यालय बांधून फार दिवस झाले नसताना. ती काउन्सिल २०२१ मध्ये बरखास्तच झाली.

नोटिशीनंतर सरकार बहुधा काउन्सिलच्या कारभारावर देखरेखीसाठी आयुक्त नेमते. मदतीचा मार्गही विचित्रच: रोजच्या खर्चासाठी कर्ज काढण्याची किंवा मालमत्ता विकून तो भागवण्याची खास परवानगी. व्याजाचा बोजा अर्थातच रहिवाशांवर पडतो. लंडनमधील क्रॉयडनमध्ये २०२३ साली काउन्सिल टॅक्स सार्वमताशिवाय सुमारे १५ टक्क्यांनी वाढवण्यात आला.